बोटीवर इंजिनिअर व्हायचंय? आधी पैसे भरा, मग चौकशी करा

मागच्या आठवड्यात सुट्टीतली एक अख्खी दुपार मी बेलापूरला, पैसे घेऊन बोटीवर लावून देतो म्हणणाऱ्या एका एजंटच्या ऑफिसात बसून घालवली. बाजूला भाचा, बी.ई. मेकॅनिकल, मांडीवर फाइल, फायलीत दहावीपासूनची सगळी सर्टिफिकेटं आणि एक पावती, जिच्यावर ना शिक्का ना कंपनीचं नाव, नुसती रक्कम आणि खाली गिचमिड सही. समोर काचेच्या टाकीत मासे फिरतायत, भिंतभर कंटेनर जहाजाचा फोटो, आणि दर अर्ध्या तासाने एक मुलगी येऊन सांगतेय, सर मीटिंगमध्ये आहेत. सर शेवटपर्यंत मीटिंगमध्येच राहिले. तर मरीन इंजिनिअर कसं व्हावं यावर माझ्याकडे आता बरेच सल्ले साठलेत. फुकट देतोय, या लाइनीत हल्ली फुकट मिळणारी ही एकच गोष्ट.

सगळ्यात महत्त्वाचं, नात्यात कोणी बोटीवर असेल तर त्याला अजिबात कळू देऊ नका. आमच्या दाजींनी हे काटेकोर पाळलं. सख्खा मेहुणा, म्हणजे मी, बोटीवर सेकंड इंजिनिअर, राहतो खारघरला, ज्या ऑफिसात पैसे भरले तिथून रिक्षाने जाण्यासारखं अंतर. पण कराडला ताईला ताकीद देऊन ठेवली होती, "त्याला बोलू नकोस, तो मोडता घालील." बरोबरच आहे, मी शंभर प्रश्न विचारले असते. एजंटने एकच विचारला, कॅश कधी देताय?

युनिफॉर्म बघून भाळा. पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, मधे जांभळी. फोटो आत्ताच काढून घ्या, स्थळं बघताना उपयोगी पडतो, कारण नंतर घालायचाय बॉयलर सूट, आणि तो मुळात कुठल्या रंगाचा होता हे आठवड्याभरात कोणाला सांगता येत नाही.

डोळे सगळ्यात शेवटी तपासा. इंजिनिअरला चष्मा चालतो, रंगांधळेपणा चालत नाही, पण हे पैसे भरायच्या आधी कळलं तर काय मजा.

कोर्सबिर्सच्या भानगडीत पडू नका. म्हणजे नियमाने जायचं तर मेकॅनिकलवाल्याने डीजी शिपिंगची, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याची, मान्यता असलेल्या संस्थेत वर्षभराचं जीएमई (पदवीनंतरचा मरीन इंजिनिअरिंगचा कोर्स) करायचं, बारावीवाल्याने आयएमयूची (इंडियन मॅरिटाइम युनिव्हर्सिटीची) सीईटी देऊन चार वर्षांचं बी.टेक., मग सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक), मग ट्रेनी म्हणून सहा महिन्यांचा सी टाइम, म्हणजे बोटीवरची नोकरी, मग एमईओ क्लास फोर या लायसनच्या पहिल्या परीक्षेची लेखी, मग सरकारी सर्व्हेयरसमोर ऑरलला घाम गाळायचा, तेव्हा कुठे लायसन हातात. एवढा वळसा कशाला? भाच्याला जो भेटला त्याच्याकडे शॉर्टकट होता. जीएमईत वर्ष वाया घालवू नको, आपण तुला डायरेक्ट ट्रेनी म्हणून चढवू, परदेशी सीडीसी काढून देऊ, दुबईचा व्हिजिट व्हिसा, तिथून आपला माणूस बोटीवर सोडेल. व्हिजिट व्हिसावर! नोकरीला! आणि बोट कुठली, तर नाव नंतर कळवतो. मालक कोण, नंतर. पगार किती, ते चढल्यावर ठरतं. अरे साधं भाड्याचं घर घेताना आपण घरमालकाचं लाइट बिल बघतो, पाणी किती वाजता येतं विचारतो, आणि इथे पोटचं पोर कुठल्या बोटीवर चाललंय तिचं नाव विचारायची लाज वाटली? बोटीला आयएमओ नंबर असतो, सात आकडी, तो टाकला की ती केव्हा बांधली, किती वेळा नाव बदललं, कुठल्या झेंड्याखाली फिरते, सगळं समोर येतं. ते नाही विचारायचं. का, तर साहेब चिडतील. आणि समजा चढलाच तो त्या बोटीवर, आखातात कुठेतरी, वर्षभर राबला, तरी बोटीवर चढण्याआधीचा मान्यतेचा प्री-सी कोर्सच केलेला नसल्याने तो सी टाइम इथे लायसनच्या परीक्षेला धरतच नाहीत. म्हणजे पैसे गेले ते गेले, वर्ष गेलं ते पण गेलं, आणि परत येऊन करायचं काय तर जीएमई! हे झालं तो परत आला तर. मालकाने पगार थकवला, डिझेल संपलं, बोट नांगरावर टाकून मालक गायब झाला, पासपोर्ट कॅप्टनकडे किंवा एजंटकडे, प्यायचं पाणी मोजून. असं खरंच होतं, २०२४ मध्ये जगभरात असे वाऱ्यावर सोडलेले जे खलाशी होते त्यात सगळ्यात जास्त आपले भारतीय होते. त्यातली किती पोरं अशाच ऑफिसांतून माशांची टाकी बघत बसली असतील देव जाणे.

हां, सल्ले चालू होते नाही का. ऑफिसच्या बोर्डावर आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीच्या सरकारी लायसनचा नंबर, लिहिलेला असतो, त्याच्याकडे आदराने बघा, पण तो डीजी शिपिंगच्या साइटवर टाकून बघू नका. मी टाकला, तिथेच बसल्या बसल्या, मोबाइलवर. नंबर दुसऱ्याच कंपनीचा निघाला. त्या मुलीला दाखवला तर म्हणाली, साइट अपडेट नसेल.

मान्यतेच्या कॉलेजात गेलात तर निदान तिथे तरी नंतर बोट कोण देणार हे विचारू नका. कुठल्या जहाज कंपनीची स्पॉन्सरशिप नसलेली पोरं कोर्स संपवून फाइल घेऊन अंधेरी ते बेलापूर फिरत असतात, वॉचमन आत सोडत नाही, म्हणतो बायोडाटा त्या पेटीत टाका. अनुभव नाही म्हणून बोट नाही, बोट नाही म्हणून अनुभव नाही. दरवर्षी ५ एप्रिलला, १९१९ साली 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनला निघाली त्याच्या आठवणीत मॅरिटाइम डे होतो, भारतीय सीफेअररला जगात किती मागणी आहे यावर भाषणं होतात. पोरांनी ती पेटीजवळ उभं राहून मोबाइलवर ऐकावीत.

बोट लागायची काळजी करू नका, आधी मिळू तर दे.

आणि मिळालीच तर ट्रेनीने शिकायच्या फंदात पडू नये. तीन साब (थर्ड इंजिनिअर) सांगेल ते पुसायचं, चार साब (फोर्थ) सांगेल ते उचलायचं, बिल्ज, म्हणजे बोटीच्या तळाची घाण, साफ करायची, इंजिनातल्या स्कॅव्हेंज स्पेसमध्ये शिरून काजळी खरवडायची, पंचेचाळीस डिग्रीत. पाइपलाइन ट्रेस करायला सांगितली तर आधीच्या ट्रेनीची वही उतरवून काढा, आणि टार बुक, म्हणजे ट्रेनिंगच्या नोंदींची वही, बोटीवरून उतरायच्या आदल्या रात्री एका बैठकीत भरून सेकंडच्या केबिनवर टकटक करा. (मी सेकंड आहे. सही मिळत नाही.)

पुरे झालं. हे असं वाकडं बोलायचा मला कंटाळा आलाय, आता सरळ बोलतो.

बोटीवर लावून देतो म्हणून खलाशाकडून पैसे घेणं गुन्हा आहे. कमी घेणं पण गुन्हा, पावती देऊन घेणं पण गुन्हा, 'प्रोसेसिंग' म्हणून घेणं पण गुन्हा. एमएलसी २००६ या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात याला स्पष्ट मनाई आहे, भारताने २०१५ मध्ये ते मान्य केलंय. पासपोर्ट, सीडीसी आणि मेडिकल, एवढाच काय तो खर्च तुमचा. त्यापलीकडे जो हात पुढे करतो तो चोर आहे, त्याच्या ऑफिसात एसी असो नाहीतर मासे. हे कळायला मरीन इंजिनिअर लागत नाही, मोबाइल लागतो, जो तुमच्या हातात चोवीस तास असतो आणि ज्यावर तुम्ही त्या एजंटचे गुड मॉर्निंगचे फुलवाले मेसेज बघत होता. मान्यतेच्या संस्थांची यादी डीजी शिपिंगच्या साइटवर, लायसनवाल्या कंपन्यांची यादी त्याच साइटवर. दहा मिनिटं. त्याला पैसे द्यायला रान विकलंत, त्यासाठी दोन महिने पळापळ केलीत, सातबारा काढलात, गिऱ्हाईक शोधलंत, भावकीशी भांडलात, आणि ही दहा मिनिटं तुम्हाला मिळाली नाहीत?

पोलिसांत अर्ज दिलाय, डीजी शिपिंगला पण तक्रार टाकलीय. तर गावाकडून फोन येतायत, जाऊ दे, पोराचं नाव खराब होईल, पुढे कोण बोटीवर घेईल. अशा 'जाऊ दे' वरच ते ऑफिस चालतंय, भाडं भरतंय, माशांना खायला घालतंय.

आणि काल ताईचा फोन. दाजींना कुणीतरी नेरूळचा दुसरा एक माणूस सांगितलाय, एकदम खात्रीचा आहे म्हणे, अर्धेच पैसे आधी घेतो. दाजी, तुम्ही हे वाचताय मला माहितीये. त्याचा लायसन नंबर मागा आणि आधी मला पाठवा. देत नसेल तर तिथून उठा, चहासुद्धा घेऊ नका.