चुका कमी, मजकूरही कमी

‘जूनपेक्षा मार्चमध्ये शुद्धलेखनाच्या चुका निम्म्यावर आल्या, म्हणजे मुलाचं लेखन सुधारलं’ हे लेखातलं गणित काही पटलं नाही. आमची पोरगी नागपुरात तिसरीत आहे. तान्ह्या पोळ्यानंतर (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा सण) तिनं पानभर लिहिलं होतं: मिरवणुकीतले काळ्या-पिवळ्या मारबतीचे पुतळे, बडग्या नावाच्या पुतळ्यांच्या गळ्यातल्या पाट्या, गर्दीत हरवलेली चप्पल. ऱ्हस्व-दीर्घाची बोंब, पान लाल शाईनं रंगलेलं. फेब्रुवारीत ‘माझा आवडता सण’वर पाच ओळी, चूक एकही नाही. अन् शेजारच्या पोराच्या वहीतही त्याच पाच ओळी, फळ्यावरून उतरवलेल्या!

शिवाय ज्या शब्दाला लाल गोल पडतो, तो शब्द मुलं पुढच्या वेळी बरेचदा टाळतात. स्वतःच्या मनानं किती वाक्यं लिहिली, ते कुणी मोजलं का? वेलांट्या चौथीतही सुधारता येतील.