चिंता करा, पण कार्यकक्षेत राहून

समजा, तुम्ही अमेरिकेतल्या एखाद्या काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, मंडळावर निवडून आला आहात. नदीकाठी अणुऊर्जा प्रकल्प आहे, त्याच्या परवान्याची चाळीस वर्षं भरत आली आहेत आणि कंपनीने आणखी वीस वर्षांसाठी अर्ज टाकला आहे. साहजिकच तुम्हाला काळजी वाटते. वाटू द्या. काळजी वाटण्यावर कुठलंही बंधन नाही. ती कोणत्या विषयाची वाटावी, किती दिवसांत वाटावी आणि कोणत्या शब्दांत वाटावी, एवढंच काय ते ठरलेलं आहे. नवखे सदस्य नेमके तिथे घसरतात, म्हणून हा प्रपंच.

आधी एक गैरसमज काढून टाका. चाळीस वर्षं म्हणजे यंत्राचं आयुष्य नव्हे. १९५४च्या अणुऊर्जा कायद्यातला हा आकडा आर्थिक आणि मक्तेदारीविरोधी विचारातून आला, तांत्रिक मर्यादेतून नाही, असं न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन, म्हणजे हे परवाने देणारा केंद्राचा आयोग, स्वतःच सांगतो. थोडक्यात, अणुभट्टीच्या पोलादाला कोणी विचारलं नव्हतं. त्यामुळे 'चाळिशी उलटली, आता पुरे' असं जाहीर सभेत बोलू नका. आयोगाचे अधिकारी हसत नाहीत. ते नोंद घेतात. नोंद घेतली म्हणजे विषय संपला, हे तुमच्यासारख्या राजकारण्याला समजावून सांगायला नको.

आता मुख्य मुद्दा: कार्यकक्षा. परवाना नूतनीकरणाचे नियम १९९१ साली झाले, १९९५ साली सुधारले. सुरक्षेच्या बाजूने त्यांत पाहायचं ते असं की जे भाग हलत नाहीत आणि ठरावीक मुदतीने बदलले जात नाहीत, ते म्हातारे होताना कंपनी त्यांची निगा कशी राखणार. पंप फिरतो, म्हणून त्याचं फिरणं या तपासणीबाहेर. पंपाचं कवच जागचं हलत नाही, म्हणून ते आत. पाइप आत, केबल आत, काँक्रीट आत. माणसं हलतात, त्यामुळे ती अर्थातच बाहेर.

म्हणजे प्रकल्प बांधला तेव्हा आसपास शेतं होती आणि आज वसाहती आहेत, हा मुद्दा बाहेर. अपघात झाला तर एवढी माणसं कुठल्या रस्त्याने निघणार, हाही बाहेर. कोणी दहशतवादी घुसला तर, बाहेर. काउंटीला ज्या ज्या गोष्टीची काळजी वाटते ती अचूक हेरून बाहेर ठेवण्याची ही कला वाखाणण्यासारखी आहे. तुम्ही विचाराल, मग या प्रश्नांकडे बघतं कोण? उत्तर तयार आहे: त्यांच्यावर आयोगाची रोजची देखरेख असतेच, मग नूतनीकरणाच्या वेळी मुद्दाम पुन्हा कशाला बघायचं? रोज बघत असल्यामुळे चाळीस वर्षांनी एकदा बघायची गरज उरत नाही. यावर वाद घालायला जाऊ नका, डोकं दुखेल.

वेस्टचेस्टर काउंटीने घातला होता. हडसन नदीकाठी, न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला बुकॅनन नावाचं छोटं गाव आहे, तिथे इंडियन पॉइंट हा प्रकल्प. ८० किलोमीटरच्या आत दीड कोटीहून जास्त लोक राहतात. २००५ साली काउंटीचे प्रमुख अँड्र्यू स्पॅनो यांनी आयोगाकडे अर्ज केला की नवा प्रकल्प उभारताना ज्या कसोट्या लावता त्याच नूतनीकरणालाही लावा: लोकवस्ती, जागा, आपत्कालीन नियोजन, सगळ्या. न्यू जर्सीत ऑयस्टर क्रीक प्रकल्पाजवळच्या ब्रिक टाउनशिपच्या महापौरांनीही तसाच अर्ज दिला. २००६च्या डिसेंबरमध्ये आयोगाने दोन्ही फेटाळले. आज हा प्रकल्प इथे बांधायला परवानगी दिली असती का, हा प्रश्न असभ्य समजावा. पाहुण्याला 'तुम्हाला बोलावलं कोणी?' असं विचारत नाहीत, त्यातलाच प्रकार.

स्थलांतराच्या आराखड्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मंडळाचा सर्वाधिक वेळ त्यातच जातो. प्रकल्पाभोवती दहा मैलांचं, म्हणजे साधारण १६ किलोमीटरचं वर्तुळ असतं. त्यातल्या घरांना दरवर्षी माहिती पोहोचवावी लागते, कधी पुस्तिकेच्या रूपात, कधी देखण्या कॅलेंडरच्या. बारा महिन्यांची बारा छान चित्रं आणि शेवटी नकाशा: तुमचा विभाग कोणता, बस कुठे येईल, भोंगा वाजला तर कोणतं रेडिओ केंद्र लावायचं. वर आयोडाइडच्या गोळ्या मिळतात. त्या फक्त थायरॉइड वाचवतात, तेही किरणोत्सारी आयोडीनपासून. पण कॅलेंडरशेजारच्या खणात पडलेल्या बऱ्या दिसतात.

हा आराखडा कागदावर चोख असतो. त्यात बसचालक आपलं कुटुंब घरी ठेवून दुसऱ्यांची मुलं आणायला प्रकल्पाच्या दिशेने गाडी घालतो. पालक शाळेकडे धावत नाहीत, कारण मुलांना परस्पर सुरक्षित ठिकाणी नेलं जाईल असं त्यांना कॅलेंडरने सांगितलेलं असतं. वर्तुळाबाहेरचे लोक रस्ता मोकळा ठेवून घरात शांत बसतात. अशी शिस्तीची माणसं निवडणुकीच्या दिवशी तरी दिसावीत अशी तुमचीही इच्छा असेल.

न्यूयॉर्क राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज पटाकी यांनी इंडियन पॉइंटचा आराखडा जेम्स ली विट यांच्याकडून तपासून घेतला. हे गृहस्थ पूर्वी केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे, फेमाचे प्रमुख होते. हा आराखडा लोकांना वाचवायला पुरेसा नाही, असं २००३च्या जानेवारीत त्यांच्या अहवालाने सांगितलं. आसपासच्या चारही काउंटींनी आराखड्याच्या त्या वर्षीच्या प्रमाणपत्रावर सही करायला नकार दिला. आपली सही अडली म्हणजे सगळं अडलं, असं स्थानिक माणसाला वाटतं. तो त्याचा मोठेपणा. जुलैमध्ये फेमाने आराखडा मंजूर करून टाकला. आराखड्याने 'वाजवी हमी' मिळते, असं ठरलं. रस्ते तेच, नदी तीच, बसचालक तोच. हमी मात्र वाजवी झाली.

वर्तुळाबाहेर राहत असाल तर तुमचं काम अधिक सोपं, कारण नियोजनाच्या दृष्टीने तुम्ही अस्तित्वातच नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये, २०१९पर्यंत चाललेल्या पिलग्रिम प्रकल्पाच्या समोरच्या अंगाला केप कॉड आहे. मोटारीने मुख्य भूमीवर यायला बोर्न आणि सॅगमोर हे दोनच पूल, आणि दोन्हींचा रस्ता प्रकल्पाच्या दिशेनेच येतो. पण केप दहा मैलांच्या बाहेर. फुकुशिमा झालं तेव्हा, मार्च २०११मध्ये, अमेरिकेने जपानमधल्या आपल्या नागरिकांना पन्नास मैल दूर राहायला सांगितलं होतं. यातून घाईने निष्कर्ष काढू नका. किरणोत्सार जपानमध्ये पन्नास मैल जातो आणि मॅसॅच्युसेट्समध्ये दहा मैलांवर शिस्तीत थांबतो, एवढंच. पिलग्रिमला मे २०१२मध्ये वीस वर्षांचं नूतनीकरण मिळालं. आयोगाचे अध्यक्ष विरोधात मत देऊन एकटे पडले. तुम्ही एकटे पडलात तर वाईट वाटून घेऊ नका.

आता भाषेकडे वळू. एक शब्द तोंडातून चुकूनही काढायचा नाही: सुरक्षितता. किरणोत्सारी सुरक्षा हा केंद्राचा विषय; राज्याने किंवा काउंटीने त्यात पडायचं नाही. तुम्ही विजेचा दर, विश्वासार्हता, पर्यटन, मासे यांबद्दल बोलू शकता. व्हर्माँट राज्याच्या कायदेमंडळात व्हर्माँट यँकी प्रकल्पावर चर्चा चालू असताना एका सदस्याने सुचवलं होतं की सुरक्षिततेसाठी दुसरा शब्द शोधू या. सूचना व्यवहार्य होती. फक्त चर्चेचं ध्वनिमुद्रण चालू होतं. प्रकरण न्यायालयात गेल्यावर २०१२ साली न्यायाधीशांनी ते वाक्य निकालपत्रात उतरवलं आणि त्या प्रकल्पाबाबतचे राज्याचे कायदे रद्द केले. त्या प्रकल्पातला शीतकरण मनोऱ्याचा एक भाग २००७ साली कोसळला होता. जमिनीखाली किरणोत्सारी पाणी वाहणारे पाइपच नाहीत, असं कंपनीच्या लोकांनी सांगून झाल्यावर २०१०च्या जानेवारीत तसल्याच पाइपांतून ट्रिशियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, गळत असल्याचं उघड झालं होतं. पुढच्याच महिन्यात राज्याच्या सिनेटने २६ विरुद्ध ४ मतांनी प्रकल्पाला पुढे नेण्यास नकार दिला. ते सगळं खरं. पण कारण चुकीचं होतं ना.

आयोगाने या प्रकल्पाच्या नूतनीकरणाला मान्यता दिली ती १० मार्च २०११ रोजी. दुसऱ्या दिवशी जपानमध्ये भूकंप झाला आणि त्याच पद्धतीच्या भट्ट्या वितळल्या. २१ मार्चला परवाना हातात पडला. सरकारी कामात दिरंगाई होते असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तरीही रीतसर हरकत घ्यायचीच असेल तर आयोगाची जाहीर सूचना निघाल्यापासून साठ दिवस असतात. कंपनीच्या जाडजूड अर्जातली नेमकी चूक त्या साठ दिवसांत, तज्ज्ञाच्या मतासह दाखवून द्यायची. तज्ज्ञाची फी काउंटीच्या तिजोरीतून. आयोगाचे कर्मचारी तो अर्ज किती बारकाईने वाचतात याची शंका नको: आयोगाच्याच महानिरीक्षकांना २००७ साली असं आढळलं की तपासणी अहवालांतले मोठमोठे उतारे कंपनीच्या अर्जाशी शब्दशः किंवा जवळपास शब्दशः जुळतात. इतका मन लावून वाचलेला अर्ज क्वचितच असेल.

हरकत कशाची घ्यायची? गंजाची. मनात मुलांची शाळा असली तरी कागदावर गंज लिहा. यात मात्र मी थट्टा करत नाही. ओहायोतल्या डेव्हिस-बेसी प्रकल्पात बोरिक आम्लाने भट्टीच्या झाकणाचं सहा इंच जाडीचं पोलाद खाल्लं होतं आणि उरला होता तो जेमतेम सेंटिमीटरभराचा स्टीलचा अस्तर. हे २००२मध्ये, दुरुस्ती चालू असताना नजरेस आलं. ऑयस्टर क्रीकच्या शेजाऱ्यांनीही गंजाचाच मुद्दा धरला, सुनावणीपर्यंत नेला आणि हरले. एप्रिल २००९मध्ये नूतनीकरण मिळालं, आणि आठवडाभरातच तिथे जमिनीखालच्या पाइपांतून ट्रिशियम गळताना सापडलं.

एवढं करून प्रकरण लांबवलंत तर काय साधेल? परवाना संपण्याच्या किमान पाच वर्षं आधी कंपनीने अर्ज दिला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालूच राहतो. इंडियन पॉइंटच्या दुसऱ्या भट्टीचा परवाना सप्टेंबर २०१३मध्ये संपला आणि नूतनीकरण मिळालं ते २०१८मध्ये. मधली पाच वर्षं ती संपलेल्या परवान्यावर वीज देत होती, आणि विरोधक जितके चिवट तितकी जास्त.

हरकतीबरोबर दुसरं, उलट्या मागणीचं पत्रही आधीच लिहून ठेवा. प्रकल्प बंद झाला तर गावाचा आणि शाळेचा कर बुडतो, आणि 'बंद करा' म्हणणाऱ्या मंडळालाच 'आमचं कसं होणार' हे विचारायला जावं लागतं. इंडियन पॉइंटची शेवटची भट्टी ३० एप्रिल २०२१ला थांबली. तिच्या विजेची जागा बऱ्याच अंशी नैसर्गिक वायूने घेतली. हवामानाची चिंता करणारी मंडळी तुमच्याच मतदारसंघात राहतात, हे तेव्हा आठवेल.

वापरलेलं इंधन मात्र कुठेही जात नाही. ते केंद्र सरकार १९९८पासून उचलणार होतं. अजून उचललेलं नाही. २०१४च्या नियमानुसार प्रकल्पाचा परवानाकाळ संपल्यानंतरची साठ वर्षं हा 'अल्पकाळ' धरतात. त्यापुढची शंभर वर्षं 'दीर्घकाळ', आणि त्याहीपुढचा 'अनिश्चित'. तुमची मुदत कोणत्या खान्यात बसते ते पाहून घ्या.

प्रकल्प मोडताना उरलेलं ट्रिशियमचं पाणी हडसनमध्ये सोडू नये म्हणून न्यूयॉर्क राज्याने २०२३ साली कायदा केला. २०२५मध्ये केंद्रीय न्यायालयाने तोही मोडीत काढला, विषय केंद्राचा. दरम्यान मिशिगनमध्ये २०२२ साली बंद पडलेला पॅलिसेड्स पुन्हा उघडायची तयारी झाली, थ्री माइल आयलंडची २०१९मध्ये थांबवलेली भट्टी मायक्रोसॉफ्टला वीज पुरवण्यासाठी जागी होणार असं ठरलं. तेव्हा हरकतींची जुनी फाइल रद्दीत घालू नका. मसुदा उत्तम आहे, साल तेवढं बदला. आणि कारकुनाला सांगा, 'सुरक्षितता' हा शब्द कुठे राहिला असेल तर त्यावर पांढरी शाई फिरवायला.