एकाच पंपात सगळं? टमाटरच्या करप्यावरचा तो मेसेज

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेसेज चौथ्यांदा आला: "टमाटरवर डाग दिसला की करपा. मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब हे जोड बुरशीनाशक, कीटकनाशक अन् टॉनिक एकाच पंपात मारा, डोस दीडपट. तीन दिवसांत डागाची पानं हिरवीगार. तोडलेली पानं सरीतच टाका, खत होते."

डाग करप्याचा असेलही, पण कोणत्या? बुडाजवळचं जुनं पान तोडून उन्हासमोर धरा. तपकिरी डागात ओंडक्यावर असतात तशी एकात एक वलयं अन् भोवती पिवळी कड दिसली, तर तो अल्टरनेरिया बुरशीचा, म्हणजे लवकर येणारा करपा. आपल्या उबदार हवेत, पाऊस नाहीतर दव असलं की त्याचं फावतं. उशिरा येणाऱ्या करप्याला थंडी अन् सततची ओल लागते. त्याचे चट्टे भिजल्यासारखे काळपट असतात अन् पहाटे पानाखाली पांढरी बुरशी दिसते. मेटॅलॅक्झिल या दुसऱ्यावरच चालतं. पहिल्यावर जे काही काम होतं ते मॅन्कोझेबचं, पैसे मात्र तुम्ही दोघांचे मोजता. अन् डाग नसताना झाड भरदुपारी मान टाकत असेल, तर तो बहुधा मुळाकडून येणारा मर रोग. त्याला पानावरची फवारणी काय करणार?

पानं हिरवी होतात? मेलेला भाग परत जिवंत होत नाही. मॅन्कोझेब पानावर थर धरून बुरशीचा नवा बीजाणू (तिचं बी) रुजू देत नाही, एवढंच. म्हणून पहिले डाग दिसताच फवारा, अन् पानाच्या खालूनही.

दीडपट डोस अन् सगळं एकत्र, यावर मात्र मला राग येतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले. ते विसरून असे मेसेज पुढे ढकलायचे? मॅन्कोझेब 10 लिटरला 25 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 37-38 ग्रॅम. मूठभर नाही, मोजून. तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते पाकिटावर छापलेलं असतं.

अन् सरीतली पानं? अल्टरनेरिया त्याच कचऱ्यात तग धरतो. पाऊस पडला की थेंबासोबत उडून खालच्या पानावर बसतो. रोगट पानं पोत्यात भरा, धुऱ्यापलीकडे खड्डा करून पुरा. झाडं तारेवर बांधा, तुषारऐवजी ठिबक ठेवा. पुढची दोन वर्षं त्या वावरात वांगी-बटाटा नको, ते याच रोगाचे सोयरे. तूर-हरभरा पेरा.