मधले दोन खण

परवा कट्ट्यावर विषय निघाला वाचनालयाचा. निघाला म्हणजे विजूभाऊनेच काढला. मे महिना, सात वाजले तरी ओटा तव्यासारखा, त्यामुळे आम्ही सगळे उभे आणि बसलेला एकटा विजूभाऊ, त्याच्या व्हीलचेअरवर (पूर्वी वायरमन होता, खांबावरून पडला त्याला बारा वर्षं झाली).

पंक्या म्हणे, आता तर रॅम्प झाला ना भो, मग अडचण काय?

"रॅम्पने मी दारापर्यंत जातो रे, पुस्तकापर्यंत नाही. साडेसहा फुटी कपाटं, पाच खण. वरच्या दोनला हात पुरत नाही, सगळ्यात खालच्याला वाकायला गेलो की खुर्चीसकट पालथा. राहिले मधले दोन. त्यात कोंबडीपालनाचं पुस्तक आहे, दोनदा वाचलं. घरी एक कोंबडी नाही."

हसलो सगळे. नाना वाचनालयाच्या कमिटीवर, ते नाही हसले. "तुले काय जोयजे ते चिठ्ठीवर लिख ना भो, शिपाई काढून देतो."

"नाव माहीत असेल तर लिहीन ना, नाना. काय वाचायचं ते मला फळीसमोर गेल्यावर कळतं."

मला हे एकदम पटलं. आपण तरी कुठे ठरवून जातो, एक काढायला जातो आणि शेजारचंच घेऊन येतो. मनीषाताई बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) झालेली, ती म्हणाली ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ लाच ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं तिसरं प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, आणि त्यासाठीच कपाटं वाचकाला मोकळी ठेवा असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे कपाटाला कुलूप आणि चावी शिपायाच्या खिशात.

नानांनी मग नेमकं दुखणं सांगितलं. वरचा-खालचा खण रिकामा ठेवला तर तेवढी पुस्तकं ठेवायची कुठे? आणि जुनी काढूही शकत नाही, रजिस्टरला नोंद आहे, निर्लेखनाची, म्हणजे नोंद रीतसर रद्द करायची, भानगड कोण करणार, वर वाचनालयाचा अ ब क ड दर्जा ठरवताना ग्रंथसंख्या बघतात आणि अनुदान दर्जावर. म्हणजे कोणी हात न लावलेली पुस्तकंही जपायची कारण ती मोजायला लागतात! हे मात्र खरंय, नाना उगाच अडवत नव्हते.

पंक्याने मोबाईल काढला. म्हणे अमेरिकेतही ग्रंथालयाच्या कपाटाच्या उंचीला बंधन नाही, बघा. मनीषाताई म्हणाली पुढचं पण वाच, दोन कपाटांमधली वाट कमीत कमी ३६ इंच पाहिजे म्हणून. आपल्याकडेही दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, नियम २०१७ ला आले, जुन्या सार्वजनिक इमारतींना सोयी करायला पाच वर्षं दिली होती, ती कधीच संपली.

विजूभाऊची खुर्ची पंचवीस-सव्वीस इंच, वाट असेल अंदाजे अडीच फूट, म्हणजे सरळ घुसते. पण कपाटाचं दार उघडलं की ते दीड फूट वाटेतच येतं, मग ना पुढे ना मागे. मी म्हटलं दारंच काढून टाका. नाना उसळले, "धूळ कोण पुसेल, तुझा बाप? वाळवी लागली तर?" आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ पाहता तेही चूक नाही, पण मग सरकत्या काचा लावा ना. फॅब्रिकेशनवाला सलीम तोवर गप्प होता, तो म्हणे दारं काढून रूळ बसवायचा, एवढं काही अवघड नाही, आणि सगळ्या कपाटांना कशाला, कथा-कादंबऱ्यांच्या दोनला करा, लोक जास्त नेतात ती मधल्या खणात आणा, अहवाल-बिहवाल वर चढवा.

"आणि कोंबडीपालन?" पंक्या.

"ते पण वर," विजूभाऊ म्हणाला.

सलीम टेप घेऊन येतो म्हणाला, उद्या वाट मोजू. नाना म्हणे उद्या सोमवार, वाचनालय बंद. मग मंगळवारी.