भारताची अर्थव्यवस्था 2007मध्ये कुणी ‘कापली’ नव्हती

एक मजकूर सारखा पुढे पाठवला जातो: डिसेंबर 2007मध्ये जागतिक बँकेने पीपीपीच्या, म्हणजे क्रयशक्ती समतेच्या हिशेबात भारत आणि चीनची अर्थव्यवस्था एका रात्रीत सुमारे 40 टक्क्यांनी कापली, दरवर्षी महागाईचा दर लावला असता तर हे टळलं असतं, अर्थात हा सगळा बनाव आहे.

‘कापली’ म्हणणं चूक आहे. रुपयांतलं उत्पन्न एका पैशानेही बदललं नव्हतं. बदलला तो रुपयाची डॉलरशी तुलना करण्याचा पीपीपी दर, म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला मिळतं ते इथे किती रुपयांत मिळतं तो आकडा. तो चढला की तेच रुपये कमी डॉलरांचे ठरतात. हा दर ठरवायला काही वर्षांनी देशोदेशीचे प्रत्यक्ष भाव गोळा करून आंतरराष्ट्रीय किंमत-तुलनेची फेरी होते. भारत 1985नंतर थेट 2005च्या फेरीत सामील झाला, चीन तर पहिल्यांदाच. मधली वीस वर्षं आपला जुना आकडाच पुढे सरकवला जात होता.

‘महागाईचा दर लावला असता तर’ हा युक्तिवाद मला सगळ्यात घातक वाटतो, कारण नेमकं तेच केलं जात होतं. जुना पीपीपी दर भारतातल्या किंमतवाढीने गुणायचा आणि अमेरिकेतल्या किंमतवाढीने भागायचा. पण दोन देशांचे किंमत निर्देशांक वेगवेगळ्या वस्तूंवर बेतलेले असतात. एकीकडे धान्य आणि खाद्यतेलाचा भार मोठा, दुसरीकडे घरभाडं आणि आरोग्यसेवेचा. शिवाय जीडीपीच्या किंमत निर्देशांकात निर्यातमालही येतो. तांबं विकणाऱ्या देशात तांब्याचा जागतिक भाव चढला की निर्देशांक चढतो, तिथली भाजी महागलेली नसली तरी. अशी छोटी चूक दरवर्षी साचत जाते.

आणि बनाव? मग पुढची दुरुस्ती उलट दिशेने कशी झाली? 2005च्या फेरीत पीपीपी दर डॉलरला 14.67 रुपये होता, 2011च्या फेरीत 15.11. सहा वर्षांत जेमतेम 3 टक्के वाढ, तीही इथली महागाई अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त असताना. दर अपेक्षेपेक्षा कमी निघाला, म्हणून भारताचं उत्पन्न आधीच्या अंदाजापेक्षा जास्त ठरलं आणि 2014मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांत भारत जपानच्या पुढे, तिसऱ्या क्रमांकावर गेला.

टीकाच करायची तर 2005च्या फेरीवर करा, तिला जागा आहे. चीनच्या किमती 11 शहरांतून गोळा झाल्या होत्या. अँगस डीटन आणि बेटिना आटेन या अर्थतज्ज्ञांनी पुढे दाखवलं की त्या फेरीत खंडांना एकमेकांशी जोडण्याच्या पद्धतीमुळे आशिया-आफ्रिकेतल्या किमती फुगल्या होत्या. ही चूक प्रत्यक्ष भाव पुन्हा मोजले तेव्हाच कळली. त्यामुळे 2011 ते 2017 असं दोन फेऱ्यांमधलं सहा वर्षांचं अंतर विकसनशील देशांसाठी फार होतं. 2017नंतर ते तीन वर्षांवर आणायचं ठरलं, पण करोनामुळे 2020ची फेरी 2021वर गेली.