पोइपेटच्या व्हिसाबद्दल तुम्ही दिलेल्या एका स्टारला उत्तर

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. बँकॉकहून कंबोडियातल्या सिएम रीपला जाताना (जून 2025 मध्ये पोइपेटची बॉर्डर बंद झाली, त्याआधीची गोष्ट) बॉर्डरच्या अलीकडे गाडी एका ऑफिसपाशी थांबवली, व्हिसाचे माणशी 1,800 बाथ घेतले, वर पलीकडे आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने फुकटच्या बसमध्ये बसू दिलं नाही, उन्हात बॅगा ओढायला लावल्या, म्हणजे आमची सगळीकडे सेटिंग आहे, असं तुमचं म्हणणं.

पैशांचं मान्य. व्हॅन आम्हीच ठरवलेली होती. नेहमीचा ड्रायव्हर आजारी पडला म्हणून ऐनवेळी दुसरी गाडी घेतली आणि त्या पठ्ठ्याने तुम्हाला थेट अरण्यप्रथेतल्या, म्हणजे बॉर्डरच्या थायलंडकडच्या गावातल्या, एजंटच्या दारात नेऊन उतरवलं, बाहेर झेंडे, गळ्यात आयकार्ड, टेबलावर फॉर्म, कोणालाही सरकारीच वाटेल. थायलंडचा एक्झिटचा शिक्का बसेपर्यंत कंबोडियाच्या व्हिसासाठी कोणाच्याही हातावर पैसे ठेवायचे नसतात, पुढे चालत गेलं की अंगकोरच्या देवळासारखी शिखरं असलेली कमान लागते, तिथे खिडकीवर 30 डॉलरमध्ये व्हिसा मिळायचा, म्हणजे हजारेक बाथ. हे आम्ही पीडीएफमध्ये लिहिलं होतं, पण पान 11 वर, आणि पान 11 मी पण वाचलं नसतं. यापुढे बुकिंगच्या वेळीच ई-व्हिसा भरून घेणार.

खिडकीवर वर मागितलेले 100 बाथ मात्र आमचे नाहीत. त्याची पावती मिळत नव्हती, त्यामुळे मी त्याला फी म्हणणार नाही. नेमके 30 डॉलर पुढे करून हसत उभं राहिलं तर बऱ्याचदा सोडायचे, कधी मुद्दाम ताटकळत ठेवायचे. तुमच्याबरोबर आजी होत्या म्हणून मुलाने स्वतःच्या खिशातून देऊन टाकले, तुमच्याकडून घेतले नाहीत, तेवढं बघा.

आता बस. त्या बाबतीत आमच्या त्या मुलाचं बरोबरच होतं आणि बॉर्डर उघडली तर परत तेच करेल. ती फुकटची बस सिएम रीपला जात नव्हती हो, गावाबाहेरच्या टर्मिनलवर नेऊन सोडायची, तिथून पुढे टॅक्सीवाले म्हणतील तो भाव, आणि चालत परत यायला जवळ काही नाही. सिएम रीप अजून दीडशे किलोमीटर. आमची गाडी चौकाच्या पुढे उभी होती, म्हणून दहा मिनिटं चालवलं. आणि थायलंडची ती व्हॅन पलीकडे नेता येत नव्हती, तिकडे रस्त्याची बाजूसुद्धा बदलते, त्यामुळे दोन शिक्क्यांच्या मधलं ते कॅसिनोंसमोरचं चालणं कोणालाच चुकत नव्हतं. (आजींनी विचारलं म्हणे, एवढी मोठी धर्मशाळा कोणाची. आमच्या ऑफिसात अजून हसतायत.)

चौघांचे मिळून 3,200 बाथ जास्त गेले, रुपयात होतील तेवढे आज परत करतो. बुकिंग केलेल्याच नंबरवर जीपे चालू आहे ना, तेवढं कळवा.