‘सर, यंदा जरा वेगळं बसवा’

गणपती गेले की सोलापुरातल्या शाळांना गॅदरिंगची हुक्की येते आणि बँडच्या सरांना ऑफिसातून बोलावणं. ‘‘सर, दरवर्षी तेच मार्चिंग नको. यंदा जरा वेगळं बसवा. ते जॅझ, रॉक, फंक वगैरे. लहान मुलांचं सोपं मिळतं म्हणे!’’ बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चकचकीत सॅक्सोफोनची रांग असते. सरांच्या डोळ्यांपुढे शाळेचं कपाट: चार साईड ड्रम, एक ढोल, झांजांची जोडी, तीन क्लॅरिनेट, दोन ट्रम्पेट, कुणाच्या तरी काकांच्या लग्नाच्या बँडमधून आलेला एक अल्टो सॅक्सोफोन, एक युफोनियम (जाड आवाजाचं पितळी वाद्य) आणि दोन कॅसिओ. शिवाय सातवीतला एक गिटारवाला. तो कपाटात मावत नाही, बँडमध्येही मावत नाही.

या ताफ्यासाठी ‘सोपं’ शोधायचं म्हणजे आधी ग्रेडशी गाठ. परदेशी प्रकाशक रचनांवर अर्धा, एक, दोन असे ग्रेडचे आकडे छापतात, पण तराजू ज्याचा त्याचा. एकाचा ‘एक’ दुसऱ्याच्या ‘दोन’ला भारी पडतो. शिवाय जॅझ बँडचा पूर्ण संच म्हणजे पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि खाली पियानो, गिटार, बास, ड्रम्स, असे 17 जण. आपल्याकडे 17 मुलं असतात, पण त्यांतली पाच खुळखुळ्यासाठी भांडत असतात. म्हणून ‘फ्लेक्स’ मांडणीच घ्यावी. तिच्यात चार-पाच ओळी असतात आणि कुठलीही ओळ कुठल्याही वाद्याला देता येते. वरची चाल आणि खालचा बास या दोन ओळींवर नेहमी दोन-दोन जण ठेवा, कारण डिसेंबर म्हणजे लग्नसराई. मधली ओळ मावशीच्या लग्नाला गेली तर कुणाला कळत नाही. बास गेला की सगळा बँड लोंबकळतो.

रचना विकत घेण्याआधी नमुन्याची पानं मिळतात, ती शेवटाकडून वाचावीत. अरेंजर, म्हणजे मांडणी लिहिणारी मंडळी पहिल्या पानावर फार सभ्य असतात. त्यांचे खरे गुण शेवटच्या आठ मापांत (माप म्हणजे कागदावरचा तालाचा एक खण) दिसतात. तिथे ट्रम्पेट अचानक वरच्या सप्तकात जातो, ड्रमरला ‘मनाने वाजवा’ म्हणून चार मापं मोकळी सोडलेली असतात आणि सूर एकदम अर्ध्या स्वराने चढतो. त्यानंतर खुणा बघा. ‘खुणेपासून पुन्हा वाजवा, मग कोडावर, म्हणजे शेवटच्या तुकड्यावर, उडी मारा’ ही सूचना कागदावर निरुपद्रवी दिसते. प्रत्यक्षात अर्धा बँड खुणेकडे जातो, अर्धा कोडाकडे, आणि युफोनियमवाला पहिल्या पानावर जाऊन नव्याने सुरुवात करतो. सगळं सरळ ओळीत लिहून काढावं, दोन पानं शेजारी चिकटवावीत आणि मैदानावर वाजवणार असाल तर कपडे वाळत घालायचे चिमटे आणावेत. प्रत्येक स्टँडला चार. दोन पुरत नाहीत.

आता सूर. इथे बहुतेक निवडी आपटतात आणि मुलांना उगाच शिव्या बसतात. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटवर मूल कागदावरचा ‘सी’ वाजवतं तेव्हा कानावर काळी पाच, म्हणजे हार्मोनियमची पाचवी काळी पट्टी, येते. अल्टो सॅक्सोफोनचा ‘सी’ म्हणजे काळी दोन. त्यामुळे फुंकणाऱ्यांची सुखाची घरं तीन: काळी पाच, काळी दोन आणि पांढरी चार. गिटारवाल्याचं प्रेम मात्र पांढरी तीनवर, कारण त्याची सगळ्यात जाड तार तिथेच मोकळी वाजते. त्याचं ऐकलं तर ट्रम्पेटच्या कागदावर सहा शार्प (स्वर अर्ध्याने चढवायच्या खुणा) उगवतात आणि अल्टोच्या कागदावर सात. सात म्हणजे होते नव्हते तेवढे सगळे.

यावर कुणालाही न दुखवणारा तोडगा आहे. गिटारच्या पहिल्या पट्टीवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावायचा. गिटारवाला आपल्या लाडक्या जागांवरच बोटं ठेवतो, आवाज निघतो पांढरी चारचा. ट्रम्पेटला एक शार्प, अल्टोला दोन, आणि गिटारवाल्याच्या मते संपूर्ण बँड त्याच्या सुरात आला. हा गैरसमज जपावा. कॅसिओवाल्याला मात्र ट्रान्सपोजचं बटण दाखवू नये. तो ते दाबेल, छान वाजवेल आणि परत शून्यावर आणायला विसरेल. पुढच्या कार्यक्रमात प्रार्थना भलत्याच उंचीवर सुरू होईल आणि संगीताच्या बाई आठवडाभर बोलणार नाहीत.

क्लॅरिनेटचं एक वेगळं दुखणं आहे, ते कागदावर दिसत नाही. बासरीत जोरात फुंकलं की तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. क्लॅरिनेट सप्तकाने नाही, सप्तकाच्याही वरच्या पंचमावर उडी मारतं. म्हणून मधल्या ‘ए’वरून ‘बी’वर जाताना जवळजवळ मोकळी असलेली बोटं एकदम सगळीच्या सगळी भोकांवर बसवावी लागतात. एक भोक किंचित उघडं राहिलं की पत्रा ओरबाडल्यासारखी किंकाळी. पहिल्या वर्षाच्या मुलाला हा पूल ओलांडायला लावणारी रचना ‘ग्रेड अर्धा’ असली तरी सोपी नाही. चाल आवडलीच असेल तर तेवढ्या दोन-तीन जागा क्लॅरिनेटला खालच्या सप्तकात लिहून द्या. ट्रम्पेटचा हिशेब ओठांचा. चार मापं वाजवून चार मापं विश्रांती, असं ज्यात नसेल ते नको. ओठ थकले की सूर आधी खाली येतो, मग फुसकतो, मग मूल तुमच्याकडे बघतं.

एवढं जमलं की लयीकडे वळायचं. आपल्या पोरांना समेवर टाळी द्यायची सवय. त्यात लेझीम, त्यात परेडचं लेफ्ट-राईट. चार मात्रांत जोर पहिलीवर आणि तिसरीवर जाणार, हे रक्तातच आहे. रॉकची टाळी पडते दुसरीवर आणि चौथीवर. सांगून समजत नाही. पाय एक-तीनवर ठेवायचे, हात दोन-चारवर, आणि शाळेच्या व्हरांड्यातून चालायला लावायचं. आठवडाभर सगळे अडखळतात, मग एकदम जमतं. जमल्यावर प्रार्थनेलाही तशीच टाळी देतात, तो भाग वेगळा.

स्विंग आणखी अवघड. अर्ध्या मात्रांची जोडी कागदावर सारखी लिहिलेली असते आणि वाजवायची असते लांब-आखूड. परेडच्या ड्रमरला हे शिकवताना सरांचे केस जातात. गती मिनिटाला 120 ते 140 मात्रांच्या दरम्यान ठेवा. संथ स्विंग सोपा असेल असं वाटतं, पण संथ गतीत प्रत्येक मात्रेच्या मधे एवढी मोकळी जागा राहते की तिच्यात कुणी ना कुणी पडतंच.

फंक मात्र आपल्याकडे लवकर रुजतो, असं माझं ठाम मत आहे. फंकवाला गायक जेम्स ब्राऊन आपल्या वादकांना पहिल्या मात्रेवर जोर द्यायला बजावायचा. म्हणजे बाकी काहीही करा, समेवर एकत्र या. तबल्याच्या क्लासला जाणाऱ्या पोराला हे नव्याने सांगावं लागत नाही. फंकची खरी अडचण न वाजवण्याची आहे. एका मात्रेचे चार तुकडे, त्यांतला एखादा गाळायचा आणि त्या जागी हलायचंसुद्धा नाही. त्यासाठी घरचाच बोल वापरा. ‘शें-गा-चट-णी’ म्हणत चार सारखे तुकडे. मग ‘गा’ मनात म्हणायचा: ‘शें- -चट-णी’. मग ‘शें’ मनात: ‘ -गा-चट-णी’. आठ-आठ वेळा तोंडाने, मग टाळीने, मगच वाद्यावर. तेलुगू, कन्नड, मराठी, घरची भाषा कुठलीही असो, चटणीला कुणी चुकत नाही. गती 90च्या आसपास ठेवा. गती वाढली की पहिली हरवते ती गाळलेली जागा.

ड्रम सेट नसला तर अडत नाही, उलट बरं. सेटवर एका मुलाला दोन्ही हात आणि दोन्ही पाय वेगवेगळे चालवावे लागतात. आपल्याकडे चार मुलं आहेतच. ढोल एक-तीनवर, एक साईड ड्रम दोन-चारवर, दुसऱ्या साईडच्या कडेवर काडीने आठ बारीक ठोके. उरलेल्या दोन साईडवाल्यांना चिठ्ठी टाकून बसवून ठेवा. चौघांनी एकदम वाजवलं की कुठलाही फंक 26 जानेवारीचं संचलन होतो.

आता प्रत्यक्ष रचना. ड्यूक एलिंग्टनचा ‘सी जॅम ब्लूज’, 1942 सालचा. त्याच्या चालीत स्वर फक्त दोन: प आणि वरचा सा. मूळ सूर पांढरी एकचा, तो काळी पाचवर आणला की ट्रम्पेटला जी आणि सी, अल्टोला डी आणि जी. याहून कमी बोटांत जॅझ होत नाही. पण पुन्हा पुन्हा येणारा तो प नेमका कुठे ठेवायचा, यातच महिना जातो. ब्लूजचं खालचं बारा मापांचं चक्र मात्र कायमचं कामाला येतं. चार मापं सावरचा स्वरसमूह, मग दोन म, दोन सा, एक प, एक म, दोन सा. वर मोकळं वाजवायला धानी रागाचे पाच स्वर द्या, सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हार्मोनियमवाल्या बाई लगेच प्रसन्न होतात. मधे चिमूटभर तीव्र मध्यम घातला की ब्लूज झाला. ओंजळभर घातला की काहीच होत नाही.

माइल्स डेव्हिसचं ‘सो व्हॉट’, 1959 सालचं. त्यात चाल बासकडे असते आणि बाकीचे दोन स्वरसमूहांचं उत्तर देतात. कच्च्या मुलांना ते उत्तर सोन्यासारखं. 16 मापं पांढरी दोनचा काफी थाट, आठ मापं काळी दोनचा काफी, परत आठ पांढरी दोनचा. सूर चढायच्या दोन मापं आधी सरांनी लाल पुठ्ठा वर करावा. पुठ्ठा नसेल तर अर्धी मुलं वर जातात, अर्धी खालीच राहतात, आणि त्यालाच जॅझ म्हणतात असं पाहुण्यांना वाटतं.

हर्बी हॅनकॉकचा ‘वॉटरमेलन मॅन’, 1962 सालचा, या ताफ्यासाठी मला सगळ्यात बरा वाटतो. लहानपणी शिकागोत ऐकलेल्या कलिंगडवाल्याच्या गाडीवरून त्याला ही चाल सुचली. 16 मापांचा ब्लूज आणि सूर पांढरी चार, म्हणजे कॅपोचा तोडगा इथे आयता लागू. चाल आधी आरोळीसारखी गाऊन घ्या. मार्च-एप्रिलमध्ये रस्त्याकडेला कलिंगडांचे ढीग लागतात त्या गावात पोरांना आरोळी शिकवावी लागत नाही. त्याचाच 1973 सालचा ‘कॅमेलिऑन’ सुचवणारे भेटतील. दोनच कॉर्ड, म्हणजे स्वरसमूह, झकास बास. पण कॅसिओला बऱ्याच काळ्या पट्ट्या, आणि मूळ ध्वनिमुद्रण 15 मिनिटांवर जातं. गॅदरिंगमध्ये 15 मिनिटं फक्त सत्काराला मिळतात.

रॉकमध्ये सगळे ‘स्मोक ऑन द वॉटर’ मागतात. 1972चं. सा-ग-म, सा-ग-तीव्र म-म, सा-ग-म, ग-सा, गंधार कोमल. गिटारवाल्याला येतंच, तो ते तालमीआधी वाजवतो, तालमीत वाजवतो, सर बोलत असताना वाजवतो. त्याच्यापुढे काय, हे त्याला माहीत नसतं. गायक नसेल तर गाण्यातही फार काही उरत नाही, म्हणून मधे ड्रमवाल्यांची आठ मापं घालावी लागतात. क्वीन बँडचं 1977चं ‘वी विल रॉक यू’ वाद्य न मिळालेल्या चाळीस मुलांसाठी. दोनदा पाय, एकदा टाळी, मग एक जागा गप्प. त्या गप्प जागेत पालक टाळी देतात आणि गती वाढत जाते. ढोलवाल्याला प्रेक्षकांकडे पाठ करून उभं करा. लाकडी स्टेज असेल तर आधी एकदा पाय आपटून बघा, माईकचे स्टँड कुठे सरकतात ते कळतं.

हवेचं थोडक्यात. थंडीच्या सकाळी फुंकायची वाद्यं सुराने खाली उतरतात, उन्हात चढतात, आणि गिटारच्या तारा नेमकं उलटं करतात. कॅसिओ जागचा हलत नाही. म्हणून सूर कॅसिओशी जुळवायचा, आणि तोही पाच मिनिटं वाजवून वाद्य गरम झाल्यावर. कोरड्या हवेत क्लॅरिनेटच्या रीड, म्हणजे तोंडाकडच्या पातळ पट्ट्या, वाकड्या होतात. दोनच्या जाडीच्या, प्रत्येकी तीन, डबीत सपाट. खिशात नाही.

शेवटी, आयत्या वेळी निवेदक येऊन ‘‘सर, पाहुण्यांना गाडी गाठायचीय, तीनच मिनिटं’’ म्हणणारच. म्हणून जी रचना कुठल्याही फेऱ्यानंतर तोडता येते तीच निवडावी. ब्लूज त्यासाठीच चांगला, बारा मापांनी स्टेशन येतंच. सरांची मूठ वर गेली की हा फेरा शेवटचा, एवढंच मुलांना पढवायचं. फुंकणाऱ्यांना मूठ दिसते, ढोलवाल्याला शेजारचा कोपर मारतो. गिटारवाला डोळे मिटून वाजवत असतो. त्याच्या अँपच्या बटणापाशी आठवीतली एखादी शांत, विश्वासू मुलगी उभी करून ठेवावी.